विजेच्या मीटरावरील पाझराचा आंकडा

गेल्या कांहीं वर्षांत पंपाच्या खोलींत पान्ह्याशेजारीं आणखी एक हत्यार टांगलेलें दिसूं लागलें आहे. तें म्हणजे आंकडे दाखविणारा डिजिटल मल्टिमीटर. पुण्याच्या तपकीर गल्लींत तो पांचशें रुपयांच्या आंतहि मिळतो. आणि मोटर चालेनाशी झाली म्हणजे वायरमनची वाट पाहात बसण्यापेक्षां आपणच दोन तारांस कांड्या लावून पाहाव्या असें पुष्कळांस वाटूं लागलें आहे. तसें वाटणें गैर नाहीं. परंतु हा मीटर कधीं कधीं जेथें विजेचा पुरवठा नाहीं तेथें पन्नास, सत्तर, नव्वद व्होल्ट दाखवितो. त्याहून वाईट असें कीं, असा आंकडा फसवा असूं शकतो हें एकदां कळलेला मनुष्य पुढें खऱ्या आंकड्यासहि फसवा म्हणूं लागतो. या दोन्ही चुका आमच्या हातून घडल्या आहेत, म्हणून हा लेख लिहिण्याचें योजिलें.

आम्ही विजेचे पंडित नव्हे. आमची सारी नोकरी महसुलाच्या दप्तरांत गेली. तेथें एक गोष्ट मात्र पक्की शिकलों कीं, सात-बाराच्या उताऱ्यावर नांव आहे एवढ्यावरून जमिनीची वहिवाट त्याचीच आहे असें धरून चालत नाहीं; जागेवर जाऊन पाहावें लागतें. मीटरावरचा आंकडा हीहि एक नोंदच आहे, हें समजण्यास आम्हांस बराच खर्च आला.

आमचें बिऱ्हाड नारायण पेठेंत एका जुन्या वाड्यांत आहे. १९६१ च्या जुलैंत पानशेतचें धरण फुटून मुठेचें पाणी पेठेंत शिरलें, त्यानंतर डागडुजी झालेला हा वाडा. त्यांतील विजेच्या तारा लाकडी पट्टीवरून अगदीं एकमेकींस लागून गेलेल्या. जिन्यावरच्या दिव्यास खालीं एक व वर एक अशीं दोन बटनें आहेत. जुना पिवळा दिवा काढून आम्हीं एल. ई. डी. दिवा बसविला, तों बटन बंद केल्यावरहि तो रात्रभर काजव्यासारखा मिणमिणूं लागला. मीटर लावून पाहिला तर बंद तारेवर ८७ व्होल्ट! एका कारागिरास दाखविलें. त्यानें मान हालविली आणि सारें वायरिंग सडलें असल्याचा निकाल दिला. आम्हीं निम्म्या वाड्याच्या तारा बदलून घेतल्या. पैसे गेले, आणि दिवा पूर्ववत् मिणमिणत राहिला. कारण नव्या ताराहि जुन्यांप्रमाणेंच शेजारीं शेजारीं घातल्या होत्या.

याचें कारण शेतकऱ्यास समजावून देणें फार सोपें आहे. आमची थोडी जमीन दौंड तालुक्यांत, खडकवासल्याहून निघणाऱ्या मुठा उजव्या कालव्याखालीं आहे. कालव्यास भगदाड पडलेलें नसतां त्याच्या कांठच्या खड्ड्यांत पाणी सांचतें, हें त्या भागांत पोरासोरांसहि ठाऊक आहे. खड्ड्यांत काठी घालून पाहिलें तर पाण्याची पातळी कालव्याच्या निम्म्यापर्यंतहि भरेल. परंतु त्यावर इंजिन बसविलें तर चार मिनिटांत तळ दिसेल. कारण तें पाणी पाझराचें, त्यास मागून पुरवठा नाहीं. व्होल्ट म्हणजे पाण्याची पातळी. काठीनें पातळी कळते, आवक कळत नाहीं. मीटर ही विजेची काठी आहे.

विजेचा पाझर होतो तो असा. आपल्याकडील वीज सेकंदास ५० वेळां पुढें-मागें हेलकावे घेते. दोन तारा लांबवर शेजारून गेल्या म्हणजे मध्यें अभंग रबर किंवा प्लास्टिक असलें तरी एकीचा हेलकावा दुसरीस किंचित् जाणवतो. दोन तारा व मधलें वेष्टण मिळून एक लहानसा कपॅसिटरच तयार होतो. ३० मीटर लांबीच्या साध्या केबलींत अशा रीतीनें पलीकडच्या तारेंत जाणारा प्रवाह सुमारें पाव मिलिॲंपिअर, म्हणजे एका ॲंपिअरचा चार-हजारावा भाग असतो. एवढ्यानें माणसास झिणझिणीहि येत नाहीं. पण बंद तारेस कोठेंच जाण्यास वाट नसल्यामुळें तेवढ्यावरहि तिची पातळी चढून राहाते.

मग हें पूर्वींच्या लोकांस कसें दिसलें नाहीं? इंग्लंडच्या टपाल खात्यांतील मॅकाडी नांवाच्या इंजिनियरानें काढलेला ॲव्होमीटर १९२३ मध्यें बाजारांत आला. तो आणि त्याच्या मागून आलेले कांट्याचे मीटर कांटा हालविण्यासाठीं तारेंतून थोडी वीज स्वतःच ओढून घेत, आणि त्या ओढण्यांतच पाझराचें पाणी आटून जाई. आजचा डिजिटल मीटर जवळजवळ कांहींच ओढीत नाहीं. चांगल्या मीटराचा रोध एक कोटि ओहम असतो. स्वस्त मीटराचा दहा लक्ष किंवा त्याहूनहि कमी. म्हणून एकाच तारेवर चांगला मीटर ८७ दाखवितो आणि शेजाऱ्याचा स्वस्त मीटर ४० दाखवितो, तेव्हां शेजाऱ्याचा बिघडला असें समजूं नये. दोन चालू मीटरांत एवढी तफावत आली तर आंकडा पाझराचा असण्याचा संभव आहे, हीच त्यांतील खूण. खऱ्या पुरवठ्यावर दोघेहि एकच बोलतील. बोटांत धरण्याचा निऑनचा टेस्टर मात्र येथें साक्षीस घेऊं नये. तो पाझरावरहि पेटतो.

पाझर आटवून पाहाण्याचें साधन म्हणजे साधा तारेचा पिवळा दिवा, १५ वॅटचा. तो होल्डरांत घालून त्यास दोन लांब, उत्तम वेष्टणाच्या तारा व टोंकांस मुठीच्या कांड्या लावाव्या. मीटर लावलेला असतांनाच त्याच दोन ठिकाणीं हा दिवा लावावा. आंकडा एकदम शून्याशीं आला तर पाझर. दिवा लख्ख पेटला तर पुरवठा खरा. आमच्या जिन्यावर ८७ चा आंकडा दिवा लावतांच एक व्होल्टाच्याहि खालीं गेला. मग आम्हीं जिन्याच्या दिव्याबरोबर एक लहान कपॅसिटर जोडून घेतला. त्यानें पाझरास वाट मिळाली, आणि काजवा विझला. ही वस्तु तपकीर गल्लींत थोडक्या पैशांत मिळाली. वायरिंगचें बिल सांगण्याची आतां लाज वाटते. हल्लीं कांहीं मीटरांत हा दिव्याचा गुण आंतच घातलेला असतो व त्यास ‘लो-झेड’ म्हणतात. नवा मीटर घेणारानें तो पाहून घ्यावा. त्याबरोबरच मीटरावर ‘कॅट ३, ६०० व्होल्ट’ हीं अक्षरें आहेत कीं नाहींत तेंहि पाहावें. पंपाच्या स्टार्टरावर त्याहून हलका मीटर लावूं नये.

एक इशारा. फेज व न्यूट्रल यांमध्यें २४० व्होल्ट असतात, परंतु दोन फेजांमध्यें ४१५. तेथें एकटा दिवा लावला तर तो हातांत फुटेल. दोन फेजांमध्यें पाहाणें असल्यास सारख्या वॅटचे दोन दिवे एकामागें एक जोडून लावावे.

पाझराशीं संबंध नसलेलेहि कांहीं चमत्कारिक आंकडे दिसतात, ते थोडक्यांत सांगून पुढें जातों. आपोआप माप बदलणाऱ्या मीटरावर कांड्या हवेंत धरल्या असतां आंकडे नाचतात. त्यांस कांहीं अर्थ नाहीं. ‘२३०’ दिसलें म्हणजे वीज आहे असें मानण्यापूर्वीं आंकड्याशेजारच्या व्ही पुढें लहानसें एम आहे काय तें पाहावें. असल्यास ते २३० मिलिव्होल्ट, म्हणजे पाव व्होल्टहि नव्हे. मीटराची बॅटरी उतरली कीं तो आंकडे वाढवून सांगतो, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. तसेंच ज्यांनीं कुसुम योजनेंतून सौर पंप घेतले आहेत त्यांनीं ध्यानांत ठेवावें कीं, पत्र्यांकडून येणारी वीज एकाच दिशेची आहे. मीटर हेलकाव्याच्या विजेवर ठेवून पाहिलें तर तो बहुधा शून्य दाखवील, आणि तारेंत कित्येक शें व्होल्ट असतील. हा पाझराच्या उलट प्रकार झाला, व जास्त घातक.

आतां तिसऱ्या फेजाविषयीं. हा प्रकार पंपवाल्यास नेहमींचा आहे. एका फेजाचा फ्यूज गेला, मोटर गुरगुरते पण फिरत नाहीं; स्टार्टराच्या मोटरकडील बाजूस मीटर लावला तर गेलेल्या फेजावरहि न्यूट्रलशीं सुमारें १२० व्होल्ट दिसतात. पुष्कळजण म्हणतात, फेज गेला नाहीं, व्होल्टेज कमी आहे. आणि महावितरणाच्या नांवानें बोटें मोडीत मोटर तशीच दाबून ठेवतात. वस्तुतः तो दाब उरलेल्या दोन फेजांकडून मोटरीच्याच गुंडाळीतून उलटा आलेला असतो. दोन फेजांच्या बरोबर मध्यावरची ती पातळी. म्हणून ती २४० च्या निम्मी. गेलेला फेज व राहिलेले दोन यांमध्यें पाहिलें तर ४१५ च्या ऐवजीं दोहोंकडे दोनशेंच्या आसपास भरेल. हा पाझर नव्हे. यास मागून पुरवठा आहे, तेव्हां दिवाहि मंद पेटेल. फिरत्या मोटरीचा एक फेज गेला तर ती स्वतःच त्या तारेवर जवळजवळ पुरा दाब उत्पन्न करिते, आणि मीटर सर्व ठीक असल्याचें सांगत असतांना गुंडाळी जळून जाते. म्हणून फेज आहे कीं नाहीं हें पाहाणें तें मोटरीच्या तारा सोडवून, येणाऱ्या बाजूसच पाहावें.

येथपर्यंत आमचें ज्ञान वाढलें आणि त्याबरोबर अहंकारहि वाढला. गांवीं गेलों कीं पुतण्यास व शेजारच्या मंडळीस आम्ही पाझराची गोष्ट सांगत असूं. पुढें एका पावसाळ्यांत विहिरीवरच्या मोनोब्लॉक पंपास पाणी भरतांना गड्यास हातास मुंग्या आल्यासारखें झालें. पुतण्यानें पंपाचें अंग व खोलींतील दिव्याचा न्यूट्रल यांमध्यें मीटर लावला. आंकडा ६४. तो हंसून म्हणाला, “काका, तुमचा पाझर!” आम्हींहि मान डोलाविली. तरी खात्रीसाठीं दिवा लावावयास सांगितलें. दिवा पेटला नाहीं. पुतण्यानें दिवा उतरवून ठेवण्यास हात पुढें केला, इतक्यांत आमचें लक्ष मीटराकडे गेलें. तेथें शून्य नव्हतें. ११ व्होल्ट उभे होते.

जिन्यावर तोच दिवा लावल्यावर एक व्होल्टहि उरला नव्हता. येथें इंजिन चालू असतां खड्ड्यांत ढोपरभर पाणी टिकून होतें. म्हणजे कोठें तरी झरा होता. दिवा पेटण्यास सुमारें साठ मिलिॲंपिअर लागतात. त्याहून कमी पण पाझराहून पुष्कळ अधिक असा प्रवाह आला तर दिवा आंधळाच राहातो. आणि माणसाच्या जिवाचा प्रश्न नेमका या मधल्या पट्ट्यांतच असतो. एका मिलिॲंपिअरच्या आसपास झिणझिणी येते. दहाच्या पुढें गेलें कीं धरलेली मूठ माणसास आपल्या इच्छेनें सोडवितां येईनाशी होते. घरांतील प्राणरक्षक ई. एल. सी. बी. तीसला तुटते, ती उगाच नव्हे.

म्हणून दिव्यानंतर दुसरी परीक्षा करावयाची, ती १,००० ओहमच्या रोधकानें. ओल्या माणसाच्या अंगाचा अडथळा सुमारें एवढाच धरतात. हा पांच वॅटचा, चिनी मातीच्या अंगाचा रोधक घ्यावा व दिव्याच्याच जागीं जोडावा. मग मीटर जितके व्होल्ट दाखवील तितकेच मिलिॲंपिअर, हिशेब करावयास नको. मात्र दिवा पेटला नाहीं अशी खात्री झाल्यावरच रोधक लावावा, नाहीं तर पुऱ्या दाबावर तो क्षणांत जळेल. पुतण्यास मोटरसायकलवर दौंडास धाडून रोधक आणविला. आंकडा आला १२. म्हणजे त्या गड्याच्या हातांत कोरडी चप्पल व कोरडा ओटा यांच्या कृपेनें मुंग्याच आल्या. तोच अनवाणी चिखलांत उभा असता तर बारा मिलिॲंपिअर त्याच्या अंगांतून जाते, आणि पंपावरचा हात त्यास सोडवितां आला नसता. आमच्या “पाझर” या एका शब्दावर त्यास आम्ही पुन्हां पंपाशीं पाठविणार होतों. ती रात्र आम्हांस झोंप आली नाहीं.

मेनस्विच पाडून, फ्यूज काढून खिशांत घातले आणि परवान्याचा वायरमन बोलाविला. मेगरनें पाहातां मोटरीच्या वेष्टणाचा रोध दहा लक्ष ओहमच्या वर असावा तो सोळा हजारांवर आलेला. जोडाच्या पेटींत पाणी शिरून गंज व चिखल सांचला होता. अर्थिंगची तार ओट्याच्या आंत गंजून तुटली होती, बाहेरून मात्र धडधाकट दिसे. अर्थिंग शाबूत असतें तर पंपाच्या अंगावर एवढा दाब चढलाच नसता. येथें आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पंपाचें अंग व अर्थिंगची तार यांमध्येंच आम्हीं मीटर लावला असता तर तुटक्या तारेमुळें जो आंकडा आला असता त्याचा भरंवसा नव्हता. दिव्याची दुसरी कांडी कोठें लावावयाची याची निवड म्हणून जपून करावी. ज्या न्यूट्रलशीं पाहाणार, त्या न्यूट्रलशीं व चालू फेजाशीं दिवा आधीं पेटवून पाहावा. मग संशयाच्या ठिकाणीं लावावा. आणि पुन्हां एकदां चालू फेजावर लावून तो मध्येंच निकामी झाला नाहीं अशी खात्री करावी. मीटराचीहि हीच रीत. कांडीची तार आंतून तुटलेली असली तर मीटर शून्य सांगतो, व ते शून्य ऐकून तारेस हात लावणारे लोक आहेत.

गोठ्यांतील गोष्ट याहून निराळी, आणि दुधाचा धंदा करणाऱ्या वाचकांनीं ती अवश्य ध्यानीं घ्यावी. तेथें आंकडा अगदीं लहान असतो, दोन-तीन व्होल्ट. आणि तो खरा असतो. न्यूट्रलमधून जमिनींत उतरणारी वीज पाण्याच्या लोखंडी हौदावर किंवा दूध काढण्याच्या यंत्रावर चढते. आपणांस पायांत वहाणा असतात, कांहीं जाणवत नाहीं. गायीचे चार खूर ओल्या फरशीवर आणि ओलें तोंड हौदास. तिच्या अंगाचा अडथळा ५०० ओहमच्या आसपास धरतात. हौदाशीं जाऊन ती तोंड मागें घेते, पाणी तोडते, दूध चोरते, आणि आपण तिची दृष्ट काढीत बसतों. अमेरिकेच्या शेतकी खात्यानें या विषयावर १९९१ सालीं स्वतंत्र पुस्तक काढलें आहे. येथें ५०० ओहमचा रोधक लावून मोजावें; एक व्होल्ट टिकला तर दोन मिलिॲंपिअर झाले, आणि तेवढ्यानेंहि गाय बिचकूं लागते. मोठ्या आंकड्यास भिऊन आम्हीं जिन्याच्या तारा बदलल्या. असला तीन व्होल्टांचा आंकडा आम्हीं खात्रीनें सोडून दिला असता.

रस्त्याकडेचा विजेचा खांब, त्याची ताणाची तार किंवा डी. पी. चें कुंपण यांस पावसांत झिणझिण्या येत असतील तर तेथें दिवा, रोधक, मीटर यांपैकीं कांहींहि लावूं नये. गुरें दूर बांधावीं, माणूस उभा करावा आणि १९१२ या क्रमांकावर महावितरणास कळवावें.

दौंडचा पंप आतां दुरुस्त आहे. अर्थिंगचा खड्डा नवा खणून तार ओट्यावरून, डोळ्यांस दिसेल अशी नेली आहे. गेल्या महिन्यांत पुन्हां मोजलें: न्यूट्रलशीं पंपाचें अंग, मोकळ्या मीटरावर ३ व्होल्ट, रोधक लावल्यावर शून्य. दिवा व रोधक पंपाच्या खोलींत मीटराशेजारीं खिळ्यास टांगून ठेवले आहेत, आणि गड्यासहि ते लावावयास शिकविले आहे.